पुढच्या गणपतीपर्यंत

सकपाळ तात्या समोरच्या माणसाचे पाय आधी बघायचे आणि तोंड नंतर. ओळखसुद्धा पायांवरून ठेवायचे. महाडच्या एसटी स्टँडवर कुणी जुनं भेटलं की ते क्षणभर खाली बघत, मनाशी काहीतरी जुळवत आणि मग वर बघून अचूक नाव घेत. लग्नाला गेले तर मांडवात पुढे कधी बसत नसत. माणसं जिथे चपला काढतात तिथे खुर्ची ओढून घेत. यजमानाला वाटे, म्हातारा कशावरून तरी रुसला. रुसलेले नसत. दोन-अडीचशे माणसांची पावलं एका जागी बसून बघायला मिळतात, एवढंच त्यांच्या मनात असे.

त्यांना जाऊन आता दोन पावसाळे झाले. मुंबईला मुलाकडे होते, दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. मला कळलं तोवर सगळं उरकलं होतं. त्यामुळे मला ते आठवतात ते इकडचेच, खांद्यावर पंचा, काखेत कापडी पिशवी, आणि चालताना नजर सतत खाली.

तात्या सरकारी कुष्ठरोग विभागात होते. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या वाड्या त्यांनी बत्तीस वर्षं पायी पालथ्या घातल्या. ‘कुष्ठवाला आला’ म्हटलं की लोक दार लोटून घेत, कारण तो ज्या घरात शिरला त्या घरातल्या मुलीचं लग्न अडायची भीती. म्हणून तात्या कुठेही थेट शिरत नसत. ओळीनं चार घरी पाणी मागत आणि चारही घरी टेकत, म्हणजे नेमके कोणाकडे आलेत ते कुणाला उमगू नये. रोगी समोर बसला की खांद्यावरचा पंचा स्वतःच्या मांडीवर पसरत, त्याचं पाऊल उचलून त्यावर ठेवत आणि तांब्याभर पाण्यानं धूत. चिखलाखालचं दिसत नाही म्हणून धुवायचं, असं ते सांगत. पण मला वाटतं, घरातलं कुणी ज्या पायाला हात लावत नव्हतं त्याला कुणीतरी लावला, हे त्या माणसाला कळावं, असंही त्यात असावं.

मी त्वचारोगाचं शिक्षण संपवून महाडला दवाखाना काढला तेव्हा ते निवृत्त झाले होते. पहिल्याच वर्षी एका सकाळी ते सव गावच्या एका आजीला घेऊन आले. सवच्या गरम पाण्याच्या कुंडावर पाय बुडवून बसलेल्या लोकांमध्ये त्यांनी तिला हेरली होती. आजीच्या टाचेवर एक काळा डाग होता, अंगठ्यानं झाकेल एवढा.

“हा आपला आजार नाय,” तात्या म्हणाले. आपला म्हणजे कुष्ठरोग, ज्यात डाग बधिर पडतो. “हिला हात लावलेला कळतोय सगळीकडं. पण ह्याच्या कडा बघा, शाई सांडल्यावानी पसरल्यात. मला नाव म्हाईत नाय, पण हे बरं नाय.”

मी तुकडा काढून तपासायला पाठवला. मेलॅनोमा निघाला. हा कातडीचा कर्करोग आपल्याकडे फार क्वचित दिसतो आणि दिसतो तोही बहुधा तळपायाला, तळहाताला नाहीतर नखाखाली. दुखत नाही, म्हणून लोक चामखीळ समजतात, काटा मोडलाय समजतात, आणि चालत राहतात.

मुंबईला ज्या सरांच्या हाताखाली मी शिकले ते याच आजारावर काम करत होते. गाठ किती मिलिमीटर खोल गेली आहे, वर व्रण पडलाय का, जांघेत गाठी आल्यात का, यावरून रोगी पुढे किती काळ तग धरेल याचा अंदाज बांधतात. परदेशात त्याचे तक्ते तयार होते. आपल्या माणसांसाठी तसे तक्ते करायचे, तर ऑपरेशन झालेला प्रत्येक माणूस नंतर निदान पाच वर्षं कसा राहिला ते कळायला हवं. तिथेच अडत होतं. इकडचा माणूस ऑपरेशन करून घेई, एक-दोनदा दाखवायला जाई आणि मग जाईनासा होई. फोन नंबर बदललेले असत. अशा पंधरा-वीस जणांची यादी सरांनी मला पाठवली होती. प्रत्येक नावापुढे ‘संपर्क तुटला’ असं लिहिलेलं. ती माझ्या टेबलावर पडून होती.

तात्यांनी ती वाचली आणि त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं. “माणूस हरवत नाय, डॉक्टरीणबाई,” ते जरा रागावूनच म्हणाले. “आपण जात नाय.”

आणि ते जायला लागले. पहिलं गाव तुडील. तिथले एक गृहस्थ पायाचा अंगठा काढून घरी परतले त्याला सात वर्षं झाली होती. तात्या पोचले तेव्हा ते सावित्रीच्या काठच्या शेतात होते. कशासाठी आलो ते तात्यांनी सांगितल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, की मुंबईच्या कागदात मला मेलेला धरलाय का. तात्या म्हणाले, मेलेला नाही, हरवलेला धरलाय. गृहस्थ म्हणाले, हे त्याहून वाईट. मग त्यांनी तात्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. त्या संध्याकाळी तात्या माझ्या दवाखान्यात पेशंटांच्या रांगेतून सरळ आत आले.

“लिवा,” म्हणाले. “तुडील, जिवंत. नांगर धरतो.”

नांगर धरतो हे लिहायला फॉर्मात जागा नव्हती. मी समासात लिहिलं. पुढे प्रत्येक फॉर्मवर ते असं काहीतरी लिहायला लावत. ‘भाकऱ्या स्वतः थापते.’ ‘घाट चढून देवाला जाऊन आला.’ ‘दुसरं लग्न केलं.’ सर आधी हसले आणि नंतर त्यांनी त्याच्यासाठी एक वेगळा रकानाच काढला.

सगळ्या बातम्या अशा नसत. सवची आजी ऑपरेशननंतर दोन वर्षं बरी होती. दर तीन महिन्यांनी तात्या तिच्याकडे जाऊन येत. एकदा गेले तर त्या दिवशी तिचं बारावं होतं. शेवटी दम कधी लागला, कुठे कुठे गाठी आल्या, जेवण केव्हा सुटलं, हे सगळं विचारून फॉर्म भरायचा होता. तात्या दिवसभर तिथे पाणी भरत राहिले, पानं मांडली आणि कोरा फॉर्म घेऊन परत आले. सरांना त्या महिन्यात काम पुरं करायचं होतं, म्हणून मी थोडं लावून बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. “आजीची घाई संपली,” ते म्हणाले, “मग आपली कसली हाय?” पुढच्या महिन्यात ते पुन्हा गेले आणि सगळं नीट विचारून आले.

काही वर्षांनी सरांचं काम आकाराला आलं. सरांनी पाठवलेला आलेख मी एका दुपारी लॅपटॉपवर तात्यांना दाखवला. त्यात एक रेघ डावीकडून सरळ निघते आणि कुणी गेलं की एक पायरी खाली उतरते. तात्यांनी चष्मा पुसला आणि बराच वेळ बघत बसले. मग एका पायरीवर बोट टेकवून त्यांनी विचारलं, “ही सवची आजी काय?” मी महिने मोजून पाहिले. तीच होती. त्यांनी आणखी दोन पायऱ्यांची नावं सांगितली. त्याही बरोबर होत्या. इतकी वर्षं असे आलेख मी बघत आले होते, पण त्यांत मला कधी कोणाचं तोंड दिसलं नव्हतं.

“ह्याच्यावरनं पुढच्याला सांगता येतं? किती दिवस ते?”

मी सांगितलं, की शंभर जणांचं मिळून सांगता येतं. एकाचं नेमकं सांगता येत नाही.

“पण इचारणारा एकच असतो,” तात्या म्हणाले.

स्वतः ते कोणाला काही सांगत नसत. विचारलंच तर “डॉक्टर सांगतील” म्हणून पिशवी उचलत.

तात्यांचं घर पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या एका वाडीत. मुलगा-सून मुंबईला, इथे ही दोघंच. शेवंताकाकी चणीनं लहान आणि बोलायला तिखट. आमचे हे साऱ्या मुलखाचे पाय धुतात आणि स्वतःचे न धुता घरात येतात, असं त्या मला तात्यांच्या समोरच सांगत. तात्या हसून बाहेर जात. पण एका बाबतीत काकी फार कडक होत्या. नवऱ्याला त्या आपल्या पायाला हात लावू देत नसत. नवऱ्यानं बायकोच्या पायांशी बसायचं नसतं, त्याचं पाप तिला लागतं, हे त्यांच्या मनात लहानपणापासून पक्कं होतं. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्या कुजल्या तरी स्वतःच तेल-हळद लावत.

त्या लंगडू लागल्या ते कधीपासून, ते नक्की कुणालाच सांगता आलं नाही. काटा मोडला होता, असं त्या म्हणत. आमच्याकडे काटा मोडला की बिब्ब्याचा चटका देतात आणि त्याचा काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. काकींनी तसा चटका दिला होता. त्यामुळे तळव्याला जे काळं होतं ते त्यांच्या लेखी बिब्ब्याचं.

गणपतीला सून आली. वैशाली तिचं नाव. सासूचा पाय सुजलेला बघून तिनं गरम पाणी करून शेकायला घेतला आणि तळवा वर केला. मग ती तशीच उठून ओटीवर बसलेल्या सासऱ्याकडे गेली.

दुसऱ्या दिवशी तिघं माझ्याकडे आली. काकी टेबलावर बसून मलाच समजावत होत्या, “काटा मोडला व्हता गो. बिब्बा घातला, त्याचं काळं हाय. आणि पाय सुजला म्हणून जरा अवधाण आलंय.” अवधाण म्हणजे जांघेतली गाठ. मी तळवा बघितला, मग जांघ चाचपली. तात्या खिडकीपाशी उभे होते. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना एखाद्या पायाकडे न बघता उभं राहिलेलं पाहिलं.

रिपोर्ट आला तेव्हा ते एकटेच आले. बसले नाहीत.

“किती मिलिमीटर?”

मी आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली. वर व्रण होताच, गाठ होतीच, ते त्यांनी स्वतःच जोडून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजे तक्त्यातला शेवटचा रकाना.” मी म्हटलं, आधी छातीचा फोटो निघू दे, ऑपरेशन होऊ दे. ते हो म्हणाले. दारापर्यंत जाऊन परत फिरले.

“शिमग्यानंतर मी इचारलं व्हतं तिला, लंगडतेस का गो. तिनं पाय लुगड्याखाली घेतला. मी परत नाय इचारलं.” पिशवी काखेत घेत ते म्हणाले, “दुसऱ्याच्या घरी चारदा इचारलं असतं.”

मुंबईला ऑपरेशन झालं. तळव्याचा मोठा भाग आणि जांघेतल्या गाठी काढल्या. छाती स्वच्छ निघाली, तेवढा एक दिलासा. दिवाळीला काकी वाडीत परत आल्या. दर आठवड्याला जखम बघायला मी वर जात असे, आणि अशाच एका दुपारी त्यांनी तो प्रश्न विचारला. ओटीवर ऊन होतं. काकी खांबाला टेकून बसल्या होत्या, तात्या समोर पायरीवर. मला वाटलं, त्या मला विचारतील. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

“अवो, लोकांचं सगळं तुमच्याकडं लिवलेलं हाय. माझं सांगा. किती दिस हायत?”

‘डॉक्टर सांगतील’ म्हणायला डॉक्टर शेजारीच बसली होती, पण त्यांनी तसं म्हटलं नाही.

“पुढचा गणपती बघशील,” ते म्हणाले. “त्याच्या पुढचं मला म्हाईत नाय.”

काकींनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. मनातल्या मनात तक्ता चाळून डोलावली होती. छाती स्वच्छ असलेली त्या रकान्यातली बहुतेक माणसं वर्षभर तर काढतात, काही जास्तही काढतात. तात्यांनी त्यातूनही थोडं हातचं राखून सांगितलं होतं. खोटं ते अजिबात बोलले नव्हते.

“मग पुष्कळ हाय,” काकी म्हणाल्या. जरा वेळानं त्यांनी पट्टी बांधलेला पाय पुढे केला. “ही डॉक्टरीण सारखी खालनं कशाला येईल गाडी घेऊन. तुम्हीच बघा आता.”

तात्यांनी खांद्यावरचा पंचा काढून मांडीवर पसरला. काकी डोंगराकडे तोंड करून बसल्या आणि पट्टी सोडून, धुऊन, नवी बांधून होईपर्यंत एकदाही वळल्या नाहीत. मी आत जाऊन पाणी प्यायले.

त्या दिवसापासून काकींनी आपल्या कामांची आखणी सुरू केली. बियाणं कोणत्या मडक्यात आहे ते देखभालीला येऊन राहिलेल्या वैशालीला दाखवलं. आणि एक इच्छा होती, थोरल्या बहिणीला भेटायची. चंद्राबाई आंबेनळी घाटाच्या वरच्या अंगाला एका गावात राहत. विधवा, एकट्या. दोघींच्या गुडघ्यांनी आणि घाटातल्या दरडींनी मिळून चार वर्षं भेट होऊ दिली नव्हती. वैशाली म्हणाली, आत्ताच जाऊ, मी गाडी करते. काकींनी मे महिना धरला. तोवर जखम भरेल, मुलगा सुट्टीवर येईल, फणस पिकलेले असतील, आणि चांगलं पंधरा दिवस राहता येईल. गणपतीपर्यंत वेळ आहेच. तसा निरोपही वर गेला.

माघात त्यांना दम लागायला लागला. फोटो काढला तर छातीत दोन्हीकडे ठिपके. मुंबईला हलवायचं ठरत होतं, तेवढ्यात त्यांनी नको म्हटलं. शिमग्याच्या आदल्या दिवशी सकाळी, गावात पालखीची तयारी चालली असताना, त्या गेल्या. बहिणीला कळवलं, पण त्या म्हातारीला घाट उतरवून आणण्याएवढा वेळ नव्हता.

दिवस झाल्यावर मी भेटायला गेले. तात्या ओटीवर बसले होते. मी काही म्हणायच्या आधी त्यांनी विचारलं, फॉर्म आणलाय का. मी आणला नव्हता. ते म्हणाले, पुढच्या खेपेला आणा. पुढच्या खेपेला त्यांनी सगळं सांगितलं: दम कधीपासून, जेवण कधी सुटलं, तारीख, वेळ. समासात काय लिहू, असं मी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, काही नको.

मी उठले तशी त्यांनी थांबवलं. “मी गप बसलो असतो तर ती दिवाळीतच बहिणीकडं गेली असती,” ते म्हणाले. “माझ्या शब्दावर तिनं मे महिना धरला.”

मी त्यांना सांगून पाहिलं, की अंदाज चुकीचा नव्हता, मीही मान डोलावली होती, तक्ता तसंच सांगत होता. ते ऐकत होते. त्यातलं एकही वाक्य त्यांच्यापर्यंत पोचत नाही, हे मला बोलता बोलताच कळलं.

यादीचं काम त्यांनी त्यानंतर केलं नाही. मीही विषय काढला नाही.

मे महिन्यात एका सकाळी त्यांचा फोन आला. मुलाला सुट्टी मिळाली नव्हती. वेळ असेल तर मला घाटातून वर सोडाल का, असं त्यांनी विचारलं. “निरोप गेलेला हाय. कुणीतरी जायला पायजे.”

आम्ही वर पोचलो. चंद्राबाई अंगणात काठीवर भार देऊन उभ्या होत्या. काकींसारख्याच चणीच्या, तोच चेहरा, फक्त सुरकुतलेला. त्यांनी बहिणीसाठी लुगडं घेऊन ठेवलं होतं. ते उंबऱ्याजवळच्या दोरीवर घडी घालून टांगलेलं होतं. तात्यांनी ते पाहिलं आणि आत न जाता ओटीच्या कडेलाच बसले.

“मी तिला सांगितलं व्हतं, गणपतीपर्यंत वेळ हाय म्हणून,” ते म्हणाले. “म्हणून ती थांबली. नायतर आली असती.”

चंद्राबाई सावकाश खाली बसल्या.

“ऐकून तिला बरं वाटलं काय?” त्यांनी विचारलं.

“वाटलं,” तात्या म्हणाले. “मग रोज तेच. थोरल्या बायकडं जायचं, फणस खायचे, पंधरा दिस राह्यचं. चार म्हयने दुसरं बोलणं नव्हतं.”

“मग झालं तर,” म्हातारी म्हणाली. पदरानं डोळे पुसले, काठी धरून उठली आणि जेवायला वाढायला आत गेली.

जेवताना छपरातून दोन-तीन ठिकाणी ऊन ताटात पडत होतं. तात्यांनी वर पाहिलं. कौलं कोण परततं, म्हणून विचारलं. चंद्राबाई म्हणाल्या, दोन वर्षं कुणी परतली नाहीत, पाऊस आला की भांडी मांडते. ते ताटावरून उठले, हात धुतले आणि शेजारून शिडी मागून आणली. मी म्हटलं, या वयात कशाला, गडी बघू. त्यांनी ऐकलं नाही. मी आठ-दहा दिवस इथेच राहतो, तुम्ही निघा, असं ते मला म्हणाले.

तिथून ते परस्पर मुलाकडे गेले आणि पावसातच ते गेल्याची बातमी आली.

त्या दिवशी मला दुपारच्या दवाखान्याला पोचायचं होतं. गाडी वळवून रस्त्याला लागताना मी मागे पाहिलं. तात्या छपरावर उकिडवे बसून एकेक कौल उचलून उन्हाकडे धरून बघत होते. फुटकं असेल ते बाजूला, धड असेल ते परत जागेवर. खाली अंगणात म्हातारी काठी वर करून त्यांना कुठलं तरी भोक दाखवत होती, आणि ते तिच्याकडे वाकून, नीट ऐकून घेत होते.